बाहुली टाचणीच्या टोकाएवढी : दमा समजल्या गेलेल्या एका विषबाधेचं प्रकरण

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, संध्याकाळचे सात वाजत आले होते. पश्चिम विदर्भातल्या कपाशीच्या पट्ट्यात आमचं रुग्णालय आहे. दारात काळीपिवळी थांबली आणि दोघांनी धरून एका माणसाला आत आणलं. वय ३८, शेतमजूर, वजन साधारण ५२ किलो. सोबत तालुक्याच्या एका दवाखान्याची चिठ्ठी होती : ‘दम्याचा तीव्र झटका. सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन तीनदा, स्टेरॉइडचं इंजेक्शन. पहिल्यांदा थोडा आराम, नंतर त्रास वाढला.’ (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

त्याची बायको मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. “याले दमा नाही जी कधी. सकाळपासून पराटीवर फवारा मारून रायला होता. दुपारी पोट दुखलं, उलटी झाली, मंग दम भरला.”

श्वास मिनिटाला ३४, ऑक्सिजन ७८ टक्के. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर वरपासून खालपर्यंत शिट्ट्या. इथवर चिठ्ठी बरोबर वाटत होती. पण फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे बुडबुडे होते, तोंडातून लाळ गळत होती आणि नाडी ५२ होती. दम्याच्या एवढ्या मोठ्या झटक्यात नाडी एकशेवीसच्या आसपास धावते. त्यातून श्वासनळ्या सैल करणारं सालब्युटामॉल तीनदा दिलेलं, त्यानं ती आणखीच वाढायला हवी होती. डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोटऱ्यांकडे पाहिलं तर कातडीखाली बारीक बारीक लहरी उठत होत्या, जसं काही आत मुंग्या धावताहेत.

सदऱ्याची पाठ आणि पँटची उजवी मांडी अजून ओलसर होती. आमच्याकडे कीटकनाशकाला सगळे ‘औषध’च म्हणतात. पाठीवरचा पंप गळत होता आणि बाटलीतून औषध ओतताना मांडीवर सांडलं होतं, हे त्याच्या भावानं सांगितलं. तेच कपडे तो सात-आठ तास अंगावर घेऊन होता. आधीच्या दवाखान्यातही कोणी ते उतरवले नाहीत. मोटरसायकलवरून एका मुलाला बाटली आणायला पिटाळलं. लेबलवर कवटी, लाल त्रिकोण आणि नाव : मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के. भाज्यांवर वापरायला या औषधाला २००५ पासून बंदी आहे, कपाशीवर ते चालत आलं.

बाटली येईपर्यंत आम्ही थांबलो नव्हतो. कपडे कात्रीनं कापून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले, हातमोजे घालून साबणपाण्यानं अंग धुतलं, केस आणि नखांच्या कडाही धुतल्या. ऑक्सिजन लावला आणि या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, भरायला घेतलं. पुढे काय केलं हे सांगण्याआधी त्या छातीत काय चाललं होतं ते सांगतो. उपचारातला प्रत्येक निर्णय तिथूनच निघाला.

श्वासनलिकेच्या भिंतीत मृदू स्नायूंच्या पेशी नळीला वळसे घालून बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या शाखा येतात आणि टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतात. मज्जातंतू रसायनातून निरोप देतात हे ओट्टो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. तो निरोप पोचवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो वेळेत पुसणं. हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमचं. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’. याचा एकच रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन तोडतो. त्यामुळे स्नायूला मिळणारा प्रत्येक हुकूम क्षणभराचाच असतो.

मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्या जातीची सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्यं या एन्झाइमच्या ऐन कामाच्या जागी, तिथल्या सेरिन या अमिनो आम्लावर, जाऊन चिकटतात. एन्झाइम जागच्या जागी ठप्प होतं. व्हेगस निरोप पाठवत राहतो आणि पुसणारा कोणी उरत नाही.

साचलेलं ॲसिटिलकोलिन स्नायूपेशीवरच्या एम-३ रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. तो आतल्या बाजूला जी-क्यू नावाच्या प्रथिनाला जागं करतो आणि ते फॉस्फोलायपेज-सी या दुसऱ्या एन्झाइमला कामाला लावतं. हे एन्झाइम पेशीच्या पडद्यातल्या एका मेदाचे दोन तुकडे करतं. एक पडद्यातच राहतो. दुसरा, आयपी-३, सुटून पेशीच्या पोटातल्या कॅल्शियमच्या कोठाराकडे, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमकडे जातो आणि त्याची दारं उघडतो. आयपी-३ हे काम करतं, हे १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं. श्वासनलिकेच्या स्नायूतही चावी तीच निघाली.

स्वस्थ पेशीत मोकळं कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर असतं. पेशीबाहेर ते जवळजवळ दहा हजार पट असतं. एवढा मोठा उतार सतत राखून ठेवायला पेशी अखंड पंप चालवते, म्हणून दार किंचित उघडलं तरी परिणाम मोठा होतो. कॅल्शियम एकदम भरून येत नाही, लाटांनी येतं. पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट जाते, ओसरते, पुन्हा उठते. ॲसिटिलकोलिन जितकं जास्त तितक्या लाटा जवळजवळ, आणि लाटा जितक्या जवळजवळ तितकं आकुंचन घट्ट. पोट रिकामं झाल्याचं कोठाराला कळलं की बाहेरच्या पडद्यातली दारं उघडून नवं कॅल्शियम आत घेतलं जातं. निरोप पुसलाच गेला नाही, तर लाटांना थांबायचं काही कारणच उरत नाही.

हे कॅल्शियम स्वतः स्नायू ओढत नाही. चार कॅल्शियम आयन कॅल्मोड्युलिन या छोट्या प्रथिनाला बिलगतात आणि ती जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या एन्झाइमला चालू करते. ते मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या एका हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवतं, मग मायोसिन ॲक्टिन या शेजारच्या प्रथिनाच्या धाग्याला धरून ओढतो आणि नळी आवळते. समोर विरोधी पक्षही आहे : मायोसिन लाइट चेन फॉस्फटेज, जे तेच फॉस्फेट उतरवतं. श्वासनलिका कुठल्याही क्षणी किती आवळलेली असेल, हे या चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दोन एन्झाइमांच्या रस्सीखेचीवर ठरतं.

नवीन डॉक्टरांच्या नजरेतून एक गोष्ट नेहमी सुटते. त्याच एम-३ कडून आलेला दुसरा निरोप रो-ए या प्रथिनामार्फत रो-कायनेजला जातो आणि ते एन्झाइम उतरवणाऱ्या फॉस्फटेजचे हात बांधून ठेवतं. म्हणून कॅल्शियमची लाट ओसरली तरी फॉस्फेट तसंच राहतं, पकड सुटत नाही. थोड्या कॅल्शियममध्ये जास्त आकुंचन मिळतं. आवळलेल्या अवस्थेत टिकून राहायला या स्नायूला फारशी ऊर्जाही लागत नाही. हातापायाच्या स्नायूसारखा तो थकून सैल पडेल, अशी आशा धरण्यात अर्थ नसतो.

नळीची त्रिज्या निम्मी झाली की सुरळीत वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध सोळापट होतो. त्यात भर म्हणजे नळीच्या अस्तरातल्या ग्रंथींवरही एम-३ च बसलेले, तिथेही कॅल्शियमच वाढतं आणि ग्रंथी पाणी सोडतात. एकीकडे नळी अरुंद, दुसरीकडे ती आतून भरत चाललेली. शिट्ट्या आणि बुडबुडे एकत्र ऐकू येत होते, ते यामुळे.

मग सालब्युटामॉलनं थोडा आराम पडून पुन्हा का बिघडलं? सालब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरवर बसतं, त्यातून ॲडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम चालू होतं, सायक्लिक एएमपी बनतं आणि त्याच्या जोरावर प्रोटीन कायनेज-ए कॅल्शियमच्या लाटा विरळ करतं, स्नायू सैलावतं. हा रस्ता खरा आहे, दम्यात तो रोज जीव वाचवतो. पण त्याच स्नायूवर एम-३ पेक्षा संख्येनं जास्त असे एम-२ रिसेप्टर असतात आणि ॲसिटिलकोलिन त्यांच्यावर बसलं की ते ॲडेनिलेट सायक्लेजला दाबून धरतात. ॲसिटिलकोलिनचा पूर आलेला असताना सालब्युटामॉल एक हात बांधून लढतं. ग्रंथींमधून वाहणाऱ्या पाण्याला तर ते थांबवतच नाही. डेरिफायलीनची बाटली ट्रेमध्ये होती, ती मी बाजूला ठेवायला लावली. थिओफायलीनच्या कुळातलं औषध सायक्लिक एएमपी तोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेजला रोखतं, कागदावर ठीक दिसतं, पण या विषबाधेत झटके आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढवतं.

जिथून हा सगळा गोंधळ सुरू होतो तिथेच दार लावायला हवं होतं. ॲट्रोपिन एम-३ आणि एम-२ दोन्हींवर जागा अडवून बसतं. पण ही जागेसाठीची झटापट आहे. समोर ॲसिटिलकोलिन किती साचलंय त्यावर ॲट्रोपिन किती लागेल हे ठरतं आणि ते आधी कोणालाच माहीत नसतं. म्हणून ठरावीक डोस नाही. दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं.

आमच्याकडे मिळणाऱ्या एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. पहिल्यांदा तीन ॲम्प्यूल, १.८ मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी छाती तशीच. सहा ॲम्प्यूल. मग बारा. सिस्टरनी अंगठ्याला गॉज गुंडाळला होता, एकेक मान मोडून त्या ट्रेमध्ये टाकत होत्या, आणि त्या टकटक आवाजाशिवाय खोलीत फक्त त्याच्या छातीचा आवाज होता. बारांनंतर नाडी ८८ झाली, शिट्ट्या विरळ झाल्या, पण तळाचे बुडबुडे कायम. एवढ्यावर थांबायचा मोह फार होतो. ‘सर, नाडी तर वाढली,’ असं इंटर्न म्हणालाही. आणखी चोवीस ॲम्प्यूल दिल्या. एकूण पंचेचाळीस ॲम्प्यूल, २७ मिलिग्रॅम. विसाव्या मिनिटाला छाती मोकळी ऐकू आली, काखा कोरड्या झाल्या, ऑक्सिजन ९४ टक्के, नाडी ११६, वरचा रक्तदाब ११०. बाहुल्या अजून लहानच होत्या. त्या सगळ्यांत शेवटी मोठ्या होतात आणि त्यांच्यासाठी डोस वाढवत बसणं चूक. ध्येय छाती आहे. त्यानंतर एकूण डोसच्या दहा ते वीस टक्के दर तासाला, म्हणजे इथे ४ मिलिग्रॅम, असं सलाइनमधून चालू ठेवलं.

बांगलादेशात या पद्धतीची तुलना झाली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुन्या, सुटे डोस देण्याच्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले, तर दुप्पट करत नेऊन मग सलाइनमधून चालू ठेवण्याच्या पद्धतीत ८ टक्के. औषध तेच, ॲम्प्यूल त्याच. फरक होता तो फक्त देण्याच्या पद्धतीचा. आमच्या भागात २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून मी हंगामाच्या सुरुवातीला ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूल स्वतः मोजतो. शंभर असतील तर ते दोन रुग्णांचं पहिल्या अर्ध्या तासाचं औषध आहे.

आता ठप्प झालेल्या एन्झाइमचं काय? प्रालिडॉक्सिम हे औषध त्या सेरिनवरून विष उपटून काढू शकतं, पण वेळेत पोचलं तरच. एन्झाइमला चिकटलेल्या विषाचा एक तुकडा काही काळानं गळून पडतो आणि मग ती गाठ कायमची बसते. याला एन्झाइमचं म्हातारं होणं म्हणतात. विषात दोन मिथिल गट असतील तर निम्मं एन्झाइम साधारण ३.७ तासांत म्हातारं होतं, दोन इथिल गट असतील तर सुमारे ३३ तासांत. मोनोक्रोटोफॉस मिथिलवालं आहे. आमच्या रुग्णाला दुपारी साडेबाराला त्रास सुरू झाला आणि तो सातला पोचला. पहिल्या तडाख्यातलं बरंचसं एन्झाइम हातचं गेलेलं होतं.

या औषधाबद्दल महाराष्ट्राकडे सांगण्यासारखं आहे. बारामतीत २०० रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सलग ४८ तास जास्त मात्रेत प्रालिडॉक्सिम दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, थोडं थोडं दिलेल्या गटात ८ टक्के. तिथले रुग्ण लवकर पोचलेले होते. पुढे श्रीलंकेत २३५ रुग्णांवर, औषध नसलेल्या सलाइनशी तुलना करून केलेली चाचणी २००९ मध्ये आली, तिथे फायदा दिसला नाही. उलट प्रालिडॉक्सिम दिलेल्या गटात मृत्यू जास्तच होते, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल एवढाच होता. दोन्ही अभ्यास मला खरे वाटतात. कोणतं विष, किती अंगात गेलं आणि रुग्ण किती तासांनी आले, यावर उत्तर बदलतं. मी ते दिलं. कातडीत मुरलेलं विष अजून झिरपत असणार आणि ताज्या अडकलेल्या एन्झाइमला तरी सोडवता येईल, असा माझा हिशेब होता. दीड ग्रॅम सावकाश, मग तासाला ४०० मिलिग्रॅम, ४८ तास. त्याचा किती उपयोग झाला हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, चहा मागितला. नातेवाईक घरी न्यायचं विचारू लागले. मी नाही म्हटलं आणि सिस्टरना दोन गोष्टी दर चार तासांनी करायला सांगितल्या : उशीवरून मान उचलायला लावायची, आणि एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. त्या संध्याकाळी तो बावीसपर्यंत मोजत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे सोळा. सकाळी आठला नऊ, आणि मान उशीवरून उचलेना. छाती ऐकली तर अगदी स्वच्छ. एकही शिट्टी नाही, बुडबुडा नाही. बाहुल्या मोठ्या, काखा कोरड्या. तरी श्वास उथळ होत चालला होता.

अशा वेळी ॲट्रोपिन वाढवण्याकडे हात जातो. त्याचा काही उपयोग नसतो, कारण आता स्नायू वेगळा आहे. श्वासपटल आणि मानेचे स्नायू हे रेखित, हाडांशी जोडलेल्या जातीचे. त्यांच्यावरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, निकोटिनिक, ॲट्रोपिन तिथे शिवतही नाही. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनकडे न जाता ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाला बिलगतं, फॉस्फेट चढवण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि ॲसिटिलकोलिनच्या अखंड माऱ्यानं हे निकोटिनिक रिसेप्टर बधिर होतात. हुकूम येतच राहतो, स्नायू ऐकेनासा होतो. एकच एन्झाइम बंद पडलं, एकच रसायन साचलं : श्वासनलिकेचा स्नायू सुटेनासा झाला आणि श्वास ओढणारा स्नायू धरेनासा झाला. श्रीलंकेतल्या निमल सेनानायके आणि लक्ष्मण करालिएद्दे यांनी १९८७ मध्ये या मधल्या टप्प्याचं वर्णन केलं, एक ते चार दिवसांच्या दरम्यान येणाऱ्या या अशक्तपणाला त्यांनी ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ म्हटलं. त्यांच्या रुग्णांत मोनोक्रोटोफॉसचेही होते.

घशातून श्वासनलिकेत नळी घालून, अँब्यूनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास देत त्याला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं. सहा दिवस व्हेंटिलेटर लागला. प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्तद्रवातल्या, कोलिनएस्टरेजचा (याच विषानं ठप्प होणारं, त्याच कुळातलं एन्झाइम) पहिला आकडा ४१२ आला होता, त्या प्रयोगशाळेत पाच हजारांच्या वर तो ठीक मानतात. तेराव्या दिवशी तो घरी गेला.

चौतिसाव्या दिवशी तपासणीला आला तेव्हा तक्रार नवी होती. धूळ उडाली, चुलीचा धूर आला की खोकल्याची ढास लागते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरानं फुंकायला लावून केलेल्या तपासणीत, पहिल्या सेकंदाची हवा १.९२ लिटर. सालब्युटामॉलचे पफ देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं : २.२४ लिटर. पहिल्या दिवशी जे औषध टिकत नव्हतं, तेच आता पूर आटल्यावर नीट चाललं. गिनीपिगवरच्या प्रयोगांत ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे व्हेगसच्या टोकावरचे एम-२ रिसेप्टर बिघडतात असं दिसलं आहे. तिथले हे रिसेप्टर ब्रेकचं काम करतात, पुरे झालं, आता ॲसिटिलकोलिन सोडू नको म्हणून सांगतात. ब्रेक ढिला पडला की धुळीच्या एका कणालाही श्वासनलिका जास्त जोरानं आवळते. त्याचा खोकला याच जातीचा असावा असं मला वाटतं. इनहेलर लिहून दिला आणि कसा ओढायचा ते दोघांनाही करून दाखवलं.

मग फवारणीचा विषय निघाला. प्लाझ्मातलं एन्झाइम यकृत पुन्हा बनवतं, ते काही आठवड्यांत भरून येतं. लाल पेशींवरचं ॲसिटिलकोलिनएस्टरेज म्हातारं झालं की नव्या पेशी येईपर्यंत परत येत नाही आणि लाल पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. तोवर थोडंसं विषही त्याला पुरेल. मी म्हटलं, “संक्रांतीपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. घोळायचंही नाही, पंप धुवायचाही नाही.”

“मंग वेचणीले गेलो तं चालते का जी?”

चालतं, म्हटलं. ज्या वावरात जाशील तिथं शेवटचा फवारा कधी मारला, कोणतं औषध होतं, ते आधी विचार. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल आणि घरी आल्या आल्या तो उतरवून अंग धू. त्याच्या बायकोनं केसपेपरच्या मागे लिहून घ्यायला सांगितलं. मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.